गुरांचा घटसर्प व गेलेली एक रात्र

मृगाचा पाऊस सुरू होऊन बांधावर गवत फुटूं लागलें कीं आपल्या पनवेलच्या भातपट्टींत म्हशींचा एक घातक रोग डोकें वर काढतो. त्यास कोणी घटसर्प म्हणतात, कोणी गळसुजी. मुलांना होणारा घटसर्प निराळा. नांव एक असलें तरी जंतु एक नव्हे. गुरांच्या या रोगाचा जंतु पाश्चुरेला मल्टोसिडा होय. तो कांहीं निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशांत दडून असतो, आणि उन्हाळ्याच्या अपुऱ्या चाऱ्यानें खंगलेलें जनावर पावसांत गारठलें कीं उचल खातो. पुढें लाळ, नाकाचें पाणी व त्यांनीं बरबटलेला चारा यांतून तो गोठाभर पसरतो. गाईबैलांपेक्षां म्हशींस, व त्यांतही लहान रेडकांस, तो अधिक बाधतो.

आम्ही महसुली कारकुनींतून निवृत्त होऊन गांवीं आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यांत हा रोग आमच्या गोठ्यांत शिरला. सायंकाळीं म्हशीनें आंबोण हुंगून सोडलें, दूध निम्म्यावर आलें, तोंडांतून लाळ गळूं लागली. हवा बदलली असेल, असें म्हणून आम्ही जेवावयास बसलों. मध्यरात्रीं पाहतों तों जबड्याखालून पोळीपर्यंत सूज उतरलेली. हातास कढत, घट्ट, बोटानें दाबतां खळी पडणारी. मान पुढें ताणून, जीभ बाहेर काढून ती घरघरत होती. अशा वेळीं स्वस्थ बसवत नाहीं. आम्हीं बांबूच्या नळकांड्यानें काढा पाजला. ज्या जनावरास श्वास घेववत नाहीं तें गिळणार कसें? काढा श्वासनळींत उतरला, ठसका लागला, आणि पहांटेपूर्वीं म्हैस गेली. ती रोगानें गेली कीं आमच्या काढ्यानें, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

सकाळीं पशुवैद्य आले. तिची पारडी तोंवर चारा खात होती, गळ्यास सूज नव्हती; परंतु गुदद्वारांत तापमापक लावतां १०५ अंश भरले. त्यांनीं लागलीच टोचलें व पुढेंही औषध चालू ठेविलें. ती वाचली. आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावयाचें तें हेंच, कीं सुजेपूर्वीं ताप येतो, आणि औषध लागू पडतें तें बहुधा त्याच कांहीं तासांत. सूज गळाभर उतरून घरघर लागल्यावर उपाय क्वचितच चालतो. पुष्कळ जनावरें चोवीस तासांच्या आंत मरतात. म्हणून पावसाळ्यांत एखाद्या जनावरानें चारा सोडला कीं तापमापक लावावा. काटा १०४ च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्यास कळवावें. १९६२ हा दूरध्वनि त्यासाठींच आहे. सुजेवर डाग देऊं नये, ती चिरूं नये, तोंडानें कांहींही पाजूं नये.

प्रत्येक सूज घटसर्पाचीच असते असेंही नाहीं. आंब्याची कोय अडकल्यास लाळ गळते व पोट फुगतें, पण ताप नसतो. फऱ्यांत सूज मांडीवर किंवा खांद्यावर येऊन दाबतां करकरते. नाकातोंडांतून काळें रक्त येऊन जनावर अकस्मात् मेलें तर तें फाडूं नये, कातडेंही काढूं नये. ती काळपुळी असूं शकते व ती माणसासही होते.

लस मात्र स्वस्तांत स्वस्त उपाय. ती पुण्यास औंध येथें सरकारी संस्थेंत तयार होते. गुरांच्या रोगजंतूंच्या अभ्यासाची पहिली सरकारी प्रयोगशाळाही १८८९ सालीं पुण्यासच निघाली होती. टोचल्यावर अंगांत शक्ति येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यांतच टोचून घ्यावी, व दर वर्षीं घ्यावी. बाजारांतून नवें जनावर आणल्यास तें कांहीं दिवस वेगळें बांधावें. मेलेलें जनावर गाढी नदींत किंवा ओढ्यांत न लोटतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें, आणि त्याची उष्टी वैरण जाळून टाकावी. आमच्या घरीं ती वैरण जाळण्यास मंडळी कुरकुरली होती.