गालातील सुपारी

सुपारीला आपल्याकडे पूर्वापार मान आहे. शुभकार्यात ती गणपती म्हणून पूजिली जाते. विवाह ठरला, की 'सुपारी फुटली' असे म्हणतात. परंतु पूजेतील सुपारी आणि गालात तासन् तास धरलेली सुपारी यांत महदंतर आहे.

सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या योगाने गालाच्या अस्तराखाली चिवट तंतू साचू लागतात. प्रथम तिखट सोसवत नाही. मग मऊ गाल पांढुरका व ताठर होतो आणि जबडा आखडतो. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. रोग बळावला, की एक बोटही कष्टाने शिरते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. हा स्वतः कर्करोग नव्हे; पण कर्करोगाचे बीज पुष्कळदा याच भूमीत रुजते. सुपारी सोडली, तरी साचलेले तंतू सहसा विरत नाहीत.

पानाचा विडा जुळवावा लागे. गुटख्याची पुडी नुसती फाडली, की झाले! ती शाळकरी मुलांच्याही खिशात पोहोचली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तंबाखूविरहित सुपारी मात्र अनेकांना निरुपद्रवी वाटते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, बसलेला आवाज ही लक्षणे डॉक्टरांना दाखवावीत. आरंभी ती बहुधा दुखत नाहीत, आणि दुखत नाहीत म्हणूनच तरुण मुले ती कोणाला सांगत नाहीत.