जिमवाल्या दादांचं पोट

चिखलीच्या एका ताईंनी विचारलंय : "मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. घराजवळ दोन जिम आहेत. एकीतला ट्रेनर पिळदार, दुसरीतल्या दादांचं पोट सुटलेलं. ज्याला स्वतःचं पोट आवरत नाही, तो माझ्या पोराला काय शिकवणार?"

ताई, हा प्रश्न मलाही लागू पडतो. अलीकडे माझंच पोट टेबलाच्या कडेला टेकतं आणि तरी मी दिवसभर लोकांना भात कमी करा म्हणून सांगत असतो. तेव्हा जरा जपूनच बोलतो.

वरून दिसतं तसं आत असतंच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के! याचा अर्थ सुटलेलं पोट चांगलं असा नाही. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली की शुगर आणि बीपी तपासायचंच. दादांनीसुद्धा.

पण तुमच्या पोराला धोका त्या पोटापासून नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकोणीस वर्षांचं एक पोट्टं आलं. दवाखान्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढलं. मांड्या दगडासारख्या ताठ. खिशातून बाटली काढून म्हणालं, "साहेब, लघवी अशी होऊन रायली." रंग कोऱ्या चहाचा. जिममध्ये त्याचा दुसराच दिवस होता. पहिल्या दिवशी ट्रेनरनं त्याला दोनशे बैठका मारायला लावल्या होत्या, त्याही दुपारी, पत्र्याखाली. भिंतीवर त्या ट्रेनरचेच दंड दाखवणारे फोटो होते म्हणे. अंगाला सवय नसताना असा ताण पडला की स्नायू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. पोट्ट्याला चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. डायलिसिस टळलं, एवढं नशीब.

आणि काही पिळदार अंगं इंजेक्शनातूनही येतात. सगळीच नाहीत, वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेल्या शरीराला मान द्यायलाच हवा. पण स्टेरॉइडनं शुक्रजंतू घटतात, वृषणं आक्रसतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. दुसरं एक औषध मेफेंटरमिन. ऑपरेशनच्या वेळी भुलीमुळे घसरलेला रक्तदाब वर आणायला ते असतं. जिममध्ये ते 'जोर यायला' टोचतात. धडधाकट पोराचा रक्तदाब आणखी कशाला वर न्यायचा?

मग ट्रेनरला अंग नकोच का? हवं ना. बैठक नीट मारून दाखवता आली पाहिजे, वजन घेताना पोराच्या मागे उभं राहून ते सावरता आलं पाहिजे. तेवढं दादांना जमत असेल तर पोटाकडे दुर्लक्ष करा. गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले, 1964 ला टोकियो ऑलिंपिकला गेले आणि नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत त्यांनी पोरं घडवली. पोरं तिथं जायची ती डाव शिकायला, वस्तादांचे दंड मोजायला नव्हे. तुमच्या मुलाच्या मैदानी चाचणीचे 50 गुणही 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक यांतूनच मिळतात. सिक्स पॅकला एकही नाही.

ताई, एक दिवस दोन्हीकडे स्वतः जा आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. नवा पोरगा आल्यावर बीपी, दमा, जुनी दुखापत, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, चालू गोळ्या हे कोण विचारतो ते बघा. पहिला आठवडा हलकाच ठेवतो का? पोरगं चक्कर येऊन पडलं तर छाती दाबायची कशी, हे त्याला येतं का? 'पावडर माझ्याकडूनच घे' म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

मुलगा कुठल्याही जिमला जाऊ दे, व्यायामानंतर लघवी चहासारखी झाली तर 'सकाळी बघू' म्हणू नका. त्याच रात्री दवाखान्यात आणा.