चौरस फूट कशाचा? : नियोजित वसाहतीतील घरांच्या किमतींची तुलना

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. तृतीय वर्ष

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा बहुधा एकच असे. चिरे किती लागले, गवंड्याला किती दिले, सुताराचे किती राहिले, हे सारे तो आपल्या वहीत टिपून ठेवी. आज मध्यमवर्गीय माणूस घर बांधत नाही, घेतो. आणि पुष्कळदा ते उभे राहण्यापूर्वीच घेतो. हिशेबाची वही बिल्डरकडे गेली आणि आपल्या हाती राहिले ते रंगीत माहितीपत्रक.

बेळगावसारख्या शहरांच्या कडेला शेतजमिनी बिगरशेती होऊन आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती उठत आहेत. एकाच वसाहतीत निरनिराळ्या बिल्डरांच्या इमारती, आणि प्रत्येकाच्या फलकावर निराळा दर. यांपैकी स्वस्त कोण? प्रश्न सोपा वाटतो, पण फलकावरील दर म्हणजे घराची किंमत नव्हे. जागा, जादा आकार आणि वेळ या तीन गोष्टी एकाच मापात आणल्याशिवाय दोन घरांची तुलना होऊच शकत नाही, एवढेच या लेखात दाखवावयाचे आहे.

१. आखीव वसाहत महाग का?

प्रथम जमिनीचा विचार करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. समजा, एक एकर जमीन १ कोटी रुपयांना पडली. म्हणजे गुंठ्याला अडीच लाख रुपये झाले. शेताचे तुकडे पाडून विकणारा याच हिशेबावर आपला नफा चढवून भाव सांगतो. पण मंजूर आराखड्याच्या वसाहतीत रस्ते, बाग, सार्वजनिक उपयोगाची जागा यांसाठी जमीन सोडावी लागते. समजा, ४० पैकी २२ गुंठेच भूखंड म्हणून विकता आले. तर त्याच एक कोटीचा भार २२ गुंठ्यांवर पडून गुंठ्याची मूळ किंमत सुमारे ४ लाख ५४ हजार रुपये होते. गटार, पाणी, वीज यांचा खर्च आणखी वेगळा.

म्हणजे आखीव वसाहतीतील जादा दर हा सगळाच नफा नसतो. त्यात आपल्या दारापुढच्या रस्त्याची किंमत असते. उलट, नामंजूर तुकडा स्वस्त असतो तो रस्त्याचा खर्च टळला म्हणून नव्हे, तर पुढे ढकलला म्हणून. पुढे घरपट्टीच्या वेळी, कर्जाच्या वेळी, पावसाळ्यात चिखल तुडवताना तो खर्च घेणाऱ्यालाच भरावा लागतो.

२. चौरस फूट कशाचा?

आता सदनिकेकडे वळू. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत सत्तावीस वर्षे काम केलेल्या माझ्या मामांबरोबर गेल्या उन्हाळी सुट्टीत मी काही इमारती पाहण्यास गेले होते. एका बिल्डरच्या कचेरीतील गृहस्थ भराभर दर सांगत होते. मामांनी शांतपणे विचारले, “चौरस फूट कशाचा?” ते गृहस्थ थांबले. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, “अगं, आम्ही साच्यात रस ओततो तेव्हा रनर आणि रायझर धरून वजन जास्त भरतं. पण ते तोडून टाकायचं असतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते तयार कास्टिंगच्या वजनाचे. हा माणूस मला रायझरसकट वजन सांगतोय.”

वाणिज्य शाखेच्या तीन वर्षांत याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही. मामांच्या भाषेत ‘तयार कास्टिंग’ म्हणजे कार्पेट क्षेत्र. २०१६ च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियमात, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, त्याची व्याख्या दिलेली आहे. घरातील प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन म्हणजे कार्पेट क्षेत्र. आतल्या भिंतींची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या मोऱ्या, सदनिकेची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरीत नाहीत. कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती व बाल्कनी मिळवली की ते बिल्टअप होते. त्यात जिना, लिफ्ट, प्रवेशाची मोकळी जागा, क्लबघर यांचा वाटा मिळवला की ते सुपर बिल्टअप होते. हा वाटा किती धरावा याचे एकच एक माप नाही. म्हणूनच सुपर बिल्टअपचा दर दोन इमारतींची तुलना करण्यास निरुपयोगी ठरतो. रेराखाली नोंदणी करताना बिल्डरला प्रत्येक सदनिकेचे कार्पेट क्षेत्र जाहीर करावे लागते. तेव्हा हा आकडा मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

३. दोन फलक, एक हिशेब

उदाहरणादाखल ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन बिल्डर घेऊ. आकडे कल्पित आहेत, रीत मात्र खरी आहे.

‘अ’ चा दर ३,२०० रुपये. सुपर बिल्टअप १,१०० चौ. फूट. किंमत ३५,२०,००० रुपये. वीज व पाणी जोडणी, बंदिस्त गॅरेज, क्लबची वर्गणी इत्यादी जादा आकार २,८०,००० रुपये. एकूण ३८,००,००० रुपये. कार्पेट ७०४ चौ. फूट.

‘ब’ चा दर ३,७०० रुपये. सुपर बिल्टअप ९६० चौ. फूट. किंमत ३५,५२,००० रुपये. जादा आकार १,००,००० रुपये. एकूण ३६,५२,००० रुपये. कार्पेट ७२० चौ. फूट.

यावर वस्तू व सेवा कर येतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर हा कर ५ टक्के आहे. परंतु महानगराबाहेर ९० चौ. मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेले घर ‘परवडणारे’ समजले जाते व त्यावर १ टक्काच कर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो मुळीच लागत नाही. आपली दोन्ही घरे सुमारे ६५ ते ६७ चौ. मीटरची, म्हणजे १ टक्क्यात बसणारी आहेत. एक टक्का मिळवून ‘अ’ चे घर ३८,३८,००० रुपयांना आणि ‘ब’ चे ३६,८८,५२० रुपयांना पडते.

आता या रकमांना कार्पेट क्षेत्राने भागा. ‘अ’ चा खरा दर ५,४५२ रुपये आणि ‘ब’ चा ५,१२३ रुपये येतो. फलकावर फुटामागे ५०० रुपयांनी महाग दिसणारे घर प्रत्यक्षात ३२९ रुपयांनी स्वस्त निघाले! मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दोघांनाही लागते, म्हणून ती येथे धरलेली नाही; घरखर्चाच्या अंदाजात मात्र ती धरलीच पाहिजे. देखभालीची मासिक वर्गणी सुपर बिल्टअपवर आकारली जात असेल तर ‘अ’ चे घर पुढेही दरमहा महागच पडेल.

४. उशीर हीही किंमतच

तर मग ‘ब’ कडे धाव घ्यावी काय? थांबा. समजा, ‘ब’ ने ताबा ठरल्यापेक्षा दोन वर्षे उशिरा दिला आणि त्या काळात आपण दरमहा ८,००० रुपये भाड्याच्या घरात राहिलो. २४ महिन्यांचे भाडे १,९२,००० रुपये. ७२० फुटांवर वाटले तर फुटामागे २६७ रुपये वाढले. ‘ब’ चा दर ५,३९० रुपये झाला, म्हणजे ३२९ रुपयांचा फायदा ६२ रुपयांवर आला. या दोन वर्षांत उचललेल्या कर्जाचे व्याज धरले तर तोही उरत नाही.

म्हणूनच बिल्डरांची तुलना आणि किमतींची तुलना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वेळेवर घर देण्याची बिल्डरची सवय हा किमतीचाच एक भाग आहे. ही सवय जाहिरातीत दिसत नाही, त्याच्या जुन्या इमारतीत दिसते. तेथे जाऊन राहणाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत. ताबा ठरलेल्या तारखेला मिळाला का? भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का? दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली का? जिन्यात भेटलेल्या गृहिणीकडून जी माहिती मिळते ती कचेरीतील मऊ कोचावर बसून मिळत नाही.

५. कायद्याने दिलेली हत्यारे

रेराची कलमे विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरती नव्हे तर घरापुरती पाठ करावीत. ५०० चौ. मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प वगळता इतर प्रकल्पांची नोंदणी झाल्याखेरीज जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. भूखंडांच्या वसाहतीही त्यात येतात. लेखी करार नोंदल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या बँकखात्यात ठेवावे लागतात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावर, काम होईल त्या प्रमाणात, जमीन व बांधकाम यांसाठीच काढता येतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील मोठा दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. ताबा लांबला तर ग्राहकाला पैसे सव्याज परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराच्या काळाचे व्याज घेता येते.

एक कलम तर अगदी न्यायाचे आहे. आपण हप्ता चुकवला तर बिल्डर ज्या दराने व्याज लावील, त्याच दराने त्याने आपल्याला द्यावयाचे. तसेच उघडी पार्किंगची जागा कायद्याने सामाईक ठरते. ती वेगळी विकत मागितली तर विचारपूस करावी.

६. हप्ता लहान, व्याज मोठे

कर्ज मिळते आहे एवढ्याने घर परवडते असे नाही. ३० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता २६,९९२ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २२,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते अवघे ४,४९२ रुपये. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता ३०,४२८ रुपये होतो. दरमहा ३,४३६ रुपये जास्त भरले की एकूण परतफेड सुमारे ६४ लाख ७८ हजारांवरून ५४ लाख ७७ हजारांवर येते. सुमारे दहा लाख रुपये वाचतात. बिल्डरशी घासाघीस करून जे वाचणार नाही ते मुदतीच्या एका निर्णयात वाचते.

७. दोन भाषांतील कागद

शेवटी आपल्या भागातील खास अडचण. आपल्या वडीलधाऱ्यांची शिल्लक मराठीत मोजलेली असते, करारनामा बहुधा इंग्रजीत असतो आणि नोंदणी कचेरीतील पुष्कळ कागद कन्नडमध्ये असतात. मराठी माध्यमातून शिकून कन्नड जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काम जड नाही. कन्नडमधील ‘क्रयपत्र’ म्हणजे आपले खरेदीखत. ‘चक्कुबंदी’ म्हणजे चतुःसीमा. ‘ऋणभार प्रमाणपत्र’ तर फोड करताच कळते: मिळकतीवर नोंदलेले कर्ज, गहाण किंवा इतर व्यवहार आहेत का, हे सांगणारा कागद. मात्र ‘विस्तीर्ण’ या शब्दापाशी सावध राहावे. मराठीत त्याचा अर्थ ऐसपैस. कन्नड दस्तात त्याचा अर्थ फक्त क्षेत्रफळ. ‘विस्तीर्ण’ वाचून मनात अंगण उभे करू नये, पुढचा आकडा वाचावा.

मित्रहो, घर घेण्याचे आपले वय अजून व्हावयाचे आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी याच वर्षी कोणाचा तरी भविष्यनिर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी यांतून घराचा विसार दिला जाणार असेल. ती रक्कम एका माणसाच्या साऱ्या नोकरीची असते आणि ती दुसऱ्यांदा मिळत नाही. विसार देण्याच्या आदल्या दिवशी घरातील वाणिज्याच्या विद्यार्थ्याने एक तास काढावा. एकूण रक्कम लिहावी, तिला कार्पेटने भागावे, ताब्याची तारीख करारात शोधावी, रेराचा नोंदणी क्रमांक ताडून पाहावा, ऋणभार प्रमाणपत्र वडिलांना मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच त्यांना सही करू द्यावी.