खेळ बनवायचा, तर आधी बचत गटाची वही वाचा

‘पोरगा गेम बनवायचं म्हणतोय’ हे सांगताना भोर भागातल्या पालकांचा आवाज खाली जातो. डोळ्यांपुढे रमीच्या जाहिराती असतात. ती धास्ती खोटी नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्यानेच बंदी घातली. पण त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन आहे. बचत, व्याज, कर्ज मुलांना खेळातून उमजावं, हे काम त्यातलंच.

यात चित्रं कमी, नियम जास्त; धडा देतात ते नियमच. अमेरिकेत लिझी मॅगी यांनी १९०४ साली ज्या खेळाचं पेटंट घेतलं, तो जमीनमालक गब्बर आणि भाडेकरू कंगाल कसे होतात हे दाखवायला होता. त्यातूनच पुढे मोनोपॉली निघाला. आपला ‘व्यापार’ त्याचाच भाऊबंद. आता मुलं त्यात भाडं उकळायलाच शिकतात!

वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या मुलांकडे मात्र शिदोरी तयार आहे. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने या भागात बायकांचे बचत गट उभे केले. आई किंवा मावशी गटात असेल तर तिच्याबरोबर बैठकीला बसा, गटाची वही वाचा. समजा, व्याज महिन्याला शेकडा दोन. पाच हजार उचलले की पहिल्याच महिन्याला शंभर रुपये व्याज. भातलावणी, दवाखाना आणि शाळेचा खर्च एकदमच आला, तर आधी कर्ज कुणाला? हाच तुमचा खेळ. चौघे खेळाडू, एक सामाईक पेटी, जून महिन्याच्या अडचणींच्या चिठ्ठ्या. हप्ता थकवणाऱ्याचं काय करायचं, ते खेळाडूंनीच ठरवायचं. पुठ्ठा आणि चिंचोके पुरतात. सहावीच्या मुलांना खेळायला द्या, मध्ये बोलू नका, कुठे अडतात ते टिपून ठेवा.

डिझाइनच्या शिक्षणासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. यूसीड परीक्षेतून आयआयटी मुंबईत डिझाइनची पदवी करता येते. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर कॅम्पसमध्ये खेळणी आणि खेळांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. खर्च जड जातो. बी.कॉम. करता करता खेळ बनवत राहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण व्याजाचं गणित चुकलेला देखणा खेळ काय कामाचा?

पगारी जागा थोड्या. काम बहुधा ठेक्यावर मिळतं, संस्थांकडून नाहीतर प्रकाशकांकडून. तेव्हा शिकवणी किंवा हिशेबाचं काम हाताशी असू द्या. आणि हक्क जपा. मॅगींचं नंतरचं पेटंट मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्सने अवघ्या ५०० डॉलरना घेतलं, रॉयल्टी शून्य. ठेका घेताना खेळाचे हक्क कुणाचे, ते सहीआधी कागदावर लिहून घ्या.