पटावरील प्रारंभ

बुद्धिबळाच्या पटावर 64 घरे असतात. डाव मांडला म्हणजे दोन्ही बाजूंस 16 मोहरी सारख्याच बळाची उभी राहतात. कोणाच्या पदरी एक प्यादेही अधिक नसते. या समान स्थितीतून पहिल्या दहाबारा चालींत जी रचना उभी राहते, तिला डावाचा प्रारंभ म्हणतात. पटाच्या मध्यावर प्याद्यांनी पाय रोवावेत, घोडे व उंट त्वरेने बाहेर काढावेत आणि राजास हत्तीच्या आडोशाला सुरक्षित बसवावे, अशी त्याची रीत आहे. नवशिक्या खेळाडूला मात्र धीर धरवत नाही. तो वजिराला घाईने पुढे दवडतो. मग प्रतिपक्षाचे घोडे व उंट त्याच्यावर चालून येतात, आणि वजिराचा जीव वाचविता वाचविता बिचाऱ्याच्या साऱ्या चाली खर्ची पडतात.

1976 साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या 13 वर्षांच्या मुलीपुढे याहून निराळाच पेच उभा राहिला. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही कन्या या खेळात निपुण होत्या. 1974 मध्ये वासंती भारतातील पहिली राष्ट्रीय महिला विजेती ठरली होती. रोहिणी सर्वांत धाकटी. ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली. तोपर्यंत कोणतीही स्त्री त्या स्पर्धेत उतरली नव्हती. तेथे तिने गुजरात, महाराष्ट्र व पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांना हरविले.

मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का खेळावे, असा गदारोळ उठला. वस्तुतः या खेळात अंगबळाचा संबंध तो काय? तरीही उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि ती मिळाली. हा प्रश्न जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांच्यापर्यंत गेला. हे डच गृहस्थ गणिताचे शिक्षक होते, 1935 ते 1937 या काळात जगज्जेते होते, आणि डावाच्या प्रारंभावर त्यांनी अनेक ग्रंथ लिहिले होते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

पुढे 1981 साली हैदराबाद येथे आशियाई महिला स्पर्धा भरली. रोहिणीने तेथे एकही डाव न गमावता अजिंक्यपद मिळविले.