उंच गाडी आणि पलटीचा धोका

उंच गाडीत बसलं की रस्ता लांबवर दिसतो आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटू लागतं. हा समज मला घातक वाटतो. गुरुत्वमध्य जितका वर, तितका थोड्याच आडव्या जोराने तोल जातो. तरीही सपाट डांबरावर गाडी सहसा आपसूक उलटत नाही. आधी ती आडवी घसरते, मग चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत रुततं किंवा दुभाजकाला अडतं आणि पलटी होते. म्हणजे रोखायची आहे ती घसरण. ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा हेच काम करते. स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय हे ताडून ती नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावते. एका पेडलवर पाय ठेवणाऱ्या ड्रायव्हरला हे कसं जमावं? १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत अडथळा चुकवताना मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने ही यंत्रणा त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत दिली. अमेरिकेत २००७ चा नियम करताना सरकारी अंदाज असा होता, की एकट्या गाडीच्या अपघातांत एसयूव्हीच्या ८४ टक्के पलट्या यामुळे टळू शकतील.

‘मी जपून चालवतो’ असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की म्हैस आडवी आली तर जपून चालवणाराही स्टिअरिंग झटक्यात फिरवतो. अर्थात वळणावर बेताल वेगाने शिरलात, टपावरच्या कॅरिअरवर सामान रचलंत, तर ईएससीचाही इलाज चालत नाही. ‘पण एअरबॅग सहा आहेत!’ असतील, समोरच्या एअरबॅग क्षणात फुगून रिकाम्या होतात, कोलांट्या मात्र काही सेकंद चालतात. भारत एनसीएपीचे तारेही समोरच्या आणि बाजूच्या धडकेवरून मिळतात, गाडी उलटवून पाहिली जात नाही. राहिली ‘बेल्टमुळे उलट्या गाडीत अडकू’ ही भीती. बेल्ट नसलेला माणूस खिडकीतून बाहेर फेकला जातो, आणि पलटीत जीव जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. मागच्या सीटवर हे कोणी मनावर घेत नाही, घरातली मोठी माणसं तर नाहीच. तेव्हा शोरूममध्ये सनरूफची चौकशी करण्याआधी दोन प्रश्न विचारा: तुम्ही घेताय त्याच व्हेरिअंटमध्ये ईएससी आहे का, आणि मागच्या मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का.