पतंगी कागदाचा आकाशकंदील



दिवाळी जवळ आली म्हणजे सातारच्या पेठांतून काय किंवा सांगलीच्या गल्ल्यांतून काय, दारोदारीं आकाशकंदील झळकूं लागतात. त्यांपैकीं पुष्कळसे आतां बाजारांतून आयते आणलेले असतात. आयता कंदील आणण्यांत कांहीं पाप नाहीं; परंतु जो कंदील आपण स्वतः बांधतों, त्याच्या उजेडांत आपली युक्ति व आपली चूक हीं दोन्ही स्पष्ट दिसतात, आणि त्यामुळें कांहीं शिकावयास मिळतें. प्रस्तुत पाठांत असा एक कंदील कसा बांधावा हें सांगावयाचें आहे. तो शिकवितांना मजकडून जी चूक झाली व जी एका विद्यार्थ्यानें सुधारली, तीहि ओघानें सांगणार आहें.

कागदाचा स्वभाव

कागदाची कला चीन देशांत उदयास आली. इ. स. १०५ मध्यें त्साइ लुन नांवाच्या अधिकाऱ्यानें ती बादशहापुढें मांडली असें तेथील परंपरा सांगते. आपल्या महाराष्ट्रांत दौलताबादेजवळचें कागजीपुरा हें गांव हातकागदाकरितां प्रसिद्ध आहे. कोणताहि कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची पाण्यांत कालवून, गाळून व वाळवून केलेली चटईच होय. वहीच्या साध्या कागदाचें वजन दर चौरस मीटरला साठ-सत्तर ग्रॅम भरतें. पतंगाच्या किंवा सजावटीच्या पातळ कागदाचें साधारणतः वीस ग्रॅमच्या आसपास असतें. तंतूंचा थर इतका विरळ असल्यामुळें उजेड त्यांतून पार होतो, परंतु सरळ जात नाहीं. तंतु व त्यांमधील हवा यांवर आपटून तो चोहोंकडे विखुरतो. म्हणून आंतील दिवा ठिपक्यासारखा न दिसतां सगळा कागदच उजळलेला दिसतो.

यंत्रावर केलेल्या कागदांत तंतु बहुधा एकाच दिशेस पडलेले असतात. लहानसा तुकडा फाडून पाहा. तंतूंच्या दिशेनें चीर सरळ जाते; आडवी फाडल्यास ती वांकडीतिकडी होते. तंतु पाणी पिऊन रुंदीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहींत. म्हणून ओला कागद एका दिशेनें अधिक पसरतो व वाळतांना तितकाच आकसतो. हा स्वभाव ज्यास कळला, त्याच्या कंदिलाला सुरकुती पडत नाहीं.

साहित्य

बांबूच्या साडेआठ इंच लांबीच्या चोवीस कामट्या व एक फूट लांबीच्या दोन. बळकट सुती दोरा. दोन-तीन रंगांचे पतंगी कागद. कात्री, मोजपट्टी व खळ. कामट्या बुरुडाकडून काढून घेतल्यास उत्तम, कारण सारख्या जाडीची कामटी काढणें हें वर्षानुवर्षांच्या सरावाचें काम आहे. खळीकरितां दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यांत गुठळी न राहूं देतां कालवावा आणि मंद आंचेवर ढवळीत शिजवावा. खळ पारदर्शक दिसूं लागली कीं उतरवावी व तींत चिमूटभर तुरटीची पूड घालावी. कीड लागूं नये म्हणून कोणी कोणी मोरचूद घालतात. पण तो विषारी आहे, मुलांच्या हातीं देऊं नये.

सांगाडा

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोंकांपासून पाव इंच सोडून बारीक खांच करावी, म्हणजे मधलें अंतर बरोबर आठ इंच राहील. चार कामट्यांचा एक, याप्रमाणें सहा चौकोन बांधावे. चारी बाजू सारख्या असल्या तरी चौकोन तिरका होऊं शकतो. म्हणून दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तरच कोन काटकोन समजावे. पायथागोरसाच्या सिद्धांताप्रमाणें हा कर्ण किती यावा? आठाचा वर्ग चौसष्ट; दोन चौसष्टांची बेरीज एकशें अठ्ठावीस; तिचें वर्गमूळ सुमारें ११.३. म्हणजे सव्वाअकरा इंचांहून किंचित् अधिक.

आतां या सहांपैकीं चार चौकोन टोंकावर उभे धरून, शेजारच्यांचे कोपरे एकमेकांस बांधले कीं त्यांचें एक कडें होतें. वरच्या चार टोंकांवर पांचवा चौकोन व खालच्या चार टोंकांवर सहावा आडवा बांधला कीं सांगाडा पुरा झाला. गाठी एकंदर बाराच बांधावयाच्या. परंतु मौज अशी कीं, सहा चौकोनांच्या मध्यें आठ समभुज त्रिकोण न बांधतांच आपोआप तयार होतात.

हा सांगाडा हातीं घ्याल तर तो डगमगेल, दबेल. त्रिकोणाच्या बाजू कायम असल्या म्हणजे त्याचा आकार बदलत नाहीं. चौकोनाचा मात्र बदलतो. यासाठीं चार उभ्या चौकोनांत दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधावा आणि वरच्या व खालच्या चौकोनांत फूटभर लांबीची एकेक कामटी कर्णावर बांधावी. कर्ण पडला कीं प्रत्येक चौकोनाचे त्रिकोण झाले, आणि सांगाडा ताठ उभा राहिला. पुलाच्या लोखंडी कैच्यांत त्रिकोणच त्रिकोण कां दिसतात, याचेंहि उत्तर येथेंच मिळेल.

आधीं कळस

आतां ती चूक. वर्गांत मीं फळ्यावर लिहून दिलें होतें कीं, खालचा चौकोन मेजावर ठेवून त्यावर कडें बांधावें आणि वरचा चौकोन शेवटीं बसवावा. सर्व मुलें तसें करीत होतीं. कडेगांवकडच्या एका विद्यार्थ्यानें मात्र वरचा चौकोन प्रथम घेतला, तो खिडकीच्या गजास दोऱ्यानें टांगला आणि त्याच्या खालीं एकेक चौकोन बांधूं लागला. मीं त्यास हटकलें. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे वरूनच सुरू करतात." मीं म्हणालों, "बाळ, कोठल्याहि बांधकामांत पाया आधीं असतो. फळ्यावर आहे तसें कर." त्यानें कांहीं न बोलतां गाठी सोडल्या.

त्या रात्रीं माझा नमुन्याचा कंदील मीं घरीं टांगला, तों तो एका अंगास कललेला! मेजावर तो अगदीं सरळ दिसत होता. विचार करितां कारण ध्यानीं आलें. मेजावर बसलेल्या सांगाड्याच्या लहान लहान चुका मेजाच्या आधारानें झांकल्या जातात आणि त्या सर्व साचून शेवटच्या गाठींत येतात. टांगून बांधितांना मात्र प्रत्येक गाठीगणिक ओळंबा आपोआप लागतो. चूक झाली कीं तत्क्षणीं दिसते व तत्क्षणींच सुधारतां येते. जी वस्तु आयुष्यभर टांगलेलीच राहावयाची, ती टांगूनच बांधावी हें त्या मुलास ठाऊक होतें, मला नव्हतें.

त्यास तें कोठून ठाऊक झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. सांगली जिल्ह्यांतील कडेगांवचे मोहरमचे ताबूत प्रसिद्ध आहेत. कित्येक मजल्यांचे ते उंच ताबूत बांबूचे, सुताचे व रंगीत कागदांचे असतात. हिंदु व मुसलमान दोघेहि त्या उत्सवांत मनापासून भाग घेतात. तेथें बांधणीची रीत 'आधीं कळस, मग पाया' अशी सांगतात. या मुलाचे आजोबा ताबुतांच्या कामास हात लावीत आले होते. जो हा जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें वेगळा झाला व १९६० सालीं सांगली म्हणून ओळखला जाऊं लागला, त्याच्या एका गांवची विद्या माझ्या वर्गांत दोन बांकांपलीकडे बसली होती, आणि मीं तिला गाठी सोडावयास लाविलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमोर माझा कललेला कंदील टांगला, चूक सांगितली आणि फळ्यावरचीं वाक्यें पुसून खडू त्याच्या हातीं दिला. तो आधीं लाजला. मग त्यानें एकच ओळ लिहिली: 'वरचा चौकोन प्रथम टांगावा.' त्या दिवशीं बांधलेले सारे कंदील सरळ लोंबले.

कागद चिकटविणें

चार उभे चौकोन व आठ त्रिकोण एवढेच झांकावे; वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे उष्ण हवा वरून निघून जाईल. कागद चोहों बाजूंनीं अर्धा इंच अधिक ठेवून कापावा. तंतूंची दिशा सर्व तुकड्यांत उभीच ठेवावी. खळ कागदास न लावतां कामटीस लावावी, कारण भिजलेला पातळ कागद उचलतांनाच फाटतो. कांठ आंत दुमडून बोटानें दाबावे. खळ वाळल्यावर कागदावर पाण्याचा अगदीं बारीक तुषार उडवावा. वाळतांना आकसून तो नगाऱ्याच्या कातड्यासारखा ताठ होतो. मात्र पुष्कळ रंग पाण्यानें सुटतात, यास्तव एका चिंधोटीवर आधीं पाहून घ्यावें. पिवळ्यावर तांबडा कागद चिकटविल्यास उजेडांत नारिंगी दिसेल व निळ्यावर पिवळा चिकटविल्यास हिरवट. शेवटीं खालच्या कोपऱ्यांस झिरमिळ्या लावाव्या.

आंत तेलाची पणती किंवा मेणबत्ती कधींहि ठेवूं नये; कागद ज्योतीनें क्षणांत पेट घेतो. विजेचा कमी उष्णतेचा लहान एलईडी दिवाच घ्यावा, तो वरच्या कामटीस टांगावा व जोडणी वडील माणसांकडून करून घ्यावी.

एक विद्या, अनेक सण

हाच सांगाडा नाताळांतहि उपयोगी पडतो. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत, नीस्की गांवच्या मोरेव्हियन मंडळीच्या मुलांच्या शाळेंत, १८३० नंतरच्या दशकांत भूमितीचा पाठ म्हणून कागदी तारा करविण्यांत आला. त्या ताऱ्याच्या प्रचलित रूपास सतरा चौकोनी व आठ त्रिकोणी अशीं पंचवीस टोंकें असतात. आपल्या कंदिलाचा तो थोरला भाऊच शोभतो! गणेशोत्सवाचें मखरहि याच विद्येनें बांधतां येतें. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें थर्माकोलच्या सजावटीस बंदी केल्यापासून तर बांबू व कागद यांची आठवण पुनः सर्वांस झाली आहे.

पालकांस एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कंदील बांधीत असतां घरांतील आजोबा-आजींस जवळ बसवावें. कोणास खळ साधलेली असते, कोणास गाठ, कोणास कामटी. ती विद्या विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीं, आणि हटकली तर पुनः आंत जाते.

अभ्यास

१. चौकोनाची बाजू सहा इंच घेतल्यास कर्ण किती येईल? टांगलेल्या कंदिलाची उंची त्या कर्णाइतकीच भरते काय, तें मोजून पाहा.

२. कागदावर तेलाचा थेंब टाका. डाग अधिक पारदर्शक कां दिसतो? (तंतूंमधील हवेची जागा तेलानें घेतली म्हणजे उजेड कमी विखुरतो, हें ध्यानांत घ्या.)

३. आपल्या गांवीं कागद व बांबू यांचें कोणतें काम होतें, तें करणाऱ्यास विचारून दहा ओळींत लिहा. आणि त्याची रीत आपल्या पुस्तकांतील रीतीहून निराळी असेल, तर ती आधीं करून पाहा, मग मत द्या.